शाळेचा स्पीकर कसा पारखायचा? खोक्यावरचे आकडे, आतले भाग आणि मुलांचे कान



शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्पीकरचा विषय कधी ना कधी निघतोच. जुना भोंगा गंजलेला असतो, १५ ऑगस्ट जवळ आलेला असतो, थोडीफार लोकवर्गणीही जमलेली असते. मग कोणीतरी म्हणतं, "मोठ्या वॅटचा घ्या, म्हणजे आवाज खणखणीत येईल." बाजारात गेलं की दुकानदारही आधी वॅटच सांगतो. मोठा आकडा, मोठं खोकं, चमकणारे दिवे... आणि व्यवहार ठरतो.

पण शाळेत स्पीकर कशासाठी लागतो, याचा आधी विचार करूया. परिपाठ, कविता, गोष्ट, इंग्रजीचे उच्चार, ई-लर्निंगचे व्हिडिओ, सूचना. म्हणजे नव्वद टक्के काम शब्दांचं. आता समजा, स्पीकरवरून श्रुतलेखन चाललंय. 'खार' हा शब्द सांगितला आणि शेवटच्या रांगेतल्या मुलानं 'कार' लिहिलं. चूक कोणाची? मुलाची की स्पीकरची? वहीवर लाल फुली मात्र मुलाच्याच नावावर पडते. म्हणून हा विषय आपण शिक्षकांनी समजून घ्यायला हवा असं मला वाटतं.

स्पीकरवर आख्खी शाळा उभी राहिल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळसारख्या गावांत अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता. तिथे दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेनं 'बोलकी शाळा' सुरू केली. आधी रेकॉर्ड केलेले पाठ स्पीकरवरून ऐकवायचे आणि मुलं मोकळ्या जागेत अंतर ठेवून बसून ऐकायची. झारखंडच्या दुमका जिल्ह्यातही एका शाळेनं गावात ठिकठिकाणी स्पीकर बांधून असंच शिकवलं. अशा वेळी फळा नसतो, बाईंचे ओठ दिसत नाहीत. मुलाच्या कानापर्यंत जे पोचेल तोच धडा. स्पीकरनं अक्षर गिळलं तर ते परत मिळवायला दुसरी सोय नाही.

मोठ्या माणसांचं एक बरं असतं. आपण अर्धा शब्द ऐकून उरलेला मनात पूर्ण करतो, कारण तो शब्द आपल्याला आधीच माहीत असतो. लहान मूल तर तो शब्द पहिल्यांदा ऐकत असतं. ते रिकामी जागा कशानं भरणार? गोंगाटात शब्द ओळखणं मुलांना मोठ्यांपेक्षा जड जातं. पावसाळ्यात सर्दीनं कान दडपलेले असले तर आणखीच. म्हणून "मला तर नीट ऐकू येतंय" एवढ्यावर स्पीकर चांगला ठरवता येत नाही. त्याची मोजमापं बघावी लागतात.

स्पीकर चालतो कसा?

आज आपण वापरतो त्या फिरत्या कॉइलच्या स्पीकरची रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. मूळ तत्त्व अजून तेच आहे. चुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेची एक हलकी कॉइल असते. तिच्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह गेला की ती पुढे-मागे हलते. कॉइल ज्या कागदी किंवा प्लॅस्टिकच्या शंकूला चिकटवलेली असते, त्याला कारागीर 'कोन' म्हणतात. कोन हलला की हवा ढकलली जाते, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा ध्वनी.

म्हणजे स्पीकरकडून अपेक्षा एवढीच, की माईकपुढे जसा आवाज निघाला तशीच हवा हलावी. त्यात कमी नको आणि पदरची भरही नको. सगळे आकडे हेच तपासण्यासाठी असतात.

पहिला आकडा: वॅट

वॅट म्हणजे स्पीकर किती विद्युतशक्ती सहन करू शकतो. तो किती मोठ्यानं वाजतो किंवा किती स्पष्ट वाजतो, हे वॅट सांगत नाही. त्यातही 'आरएमएस' वॅट म्हणजे सतत झेपणारी शक्ती. विचारायची तर हीच. 'पीएमपीओ' असं लिहून हजारोंचा आकडा छापलेला असेल तर तो सरळ सोडून द्यावा. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही.

मोठेपणा कळतो तो 'सेन्सिटिव्हिटी' या आकड्यावरून. १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, हे त्यात असतं. पाचवी-सहावीच्या मुलांनाही करता येईल असं गणित बघा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. वॅट दहापट केले की १० डेसिबलनं. आता दोन स्पीकर घ्या:

- पहिला: ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटी, १०० वॅट. कमाल आवाज ८८ + २० = १०८ डेसिबल.
- दुसरा: ९८ डेसिबल सेन्सिटिव्हिटी, १० वॅट. कमाल आवाज ९८ + १० = १०८ डेसिबल.

दोन्ही सारखेच मोठे! पण दुकानात पहिला 'दहापट ताकदीचा' म्हणून विकला जाईल.

दुसरं मोजमाप: अंतर आणि आजूबाजूचा गोंगाट

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं घटतो. १ मीटरवर ९६ डेसिबल असेल तर २ मीटरवर ९०, ४ वर ८४, ८ वर ७८, १६ वर ७२ आणि ३२ मीटरवर ६६.

नुसत्या या आकड्याला अर्थ नाही. शब्द नीट कळायला तो भोवतालच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलनं वर असावा लागतो. मैदानावर गोंगाट ५५ असेल तर १६ मीटरवरचं मूल (७२) आरामात ऐकेल, ३२ मीटरवरच्याला (६६) मात्र ताण पडेल. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. आपल्याकडे पत्र्याच्या छपरावर आषाढातला पाऊस कोसळायला लागला की काय होतं, ते कोकणातल्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको!

अशा वेळी हात आपसूक आवाज वाढवायच्या बटणाकडे जातो. त्यानं पुढची रांग कानावर हात ठेवते आणि मागची तरीही 'काय? काय?' करते. त्यापेक्षा एक मोठा ठेवण्याऐवजी दोन लहान स्पीकर मुलांच्या जवळ ठेवलेले बरे. मैदानावर मात्र दोन भोंगे लांब अंतरावर समोरासमोर तोंड करून लावू नका. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर जादा अंतराला सेकंदाचा दहावा भाग उशीर, आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

तिसरा आकडा: वारंवारतेचा पल्ला

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. बोलण्यासाठी एवढं सगळं लागत नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १२५ हर्ट्झच्या आसपास, स्त्रीचा २०० च्या आसपास, मुलांचा त्याहून वर. स्वरांची बरीचशी ताकद खालच्या भागात असते. व्यंजनांची ओळख पटते ती मुख्यतः २,००० ते ८,००० हर्ट्झच्या भागात. 'स' चा शीळेसारखा आवाज तर बहुतांशी ४,००० हर्ट्झच्या वर, 'श' चा त्याहून थोडा खाली.

आपल्या भाषेत हा भाग फार मोलाचा आहे. कार, खार, गार, घार हे चार शब्द उच्चारून बघा. पुढचं 'आर' चारही शब्दांत सारखंच. फरक आहे तो सुरुवातीच्या क्षणभराच्या श्वासात आणि स्फोटात. स्पीकरनं वरचा भाग खाल्ला की 'ख' मधला श्वास जातो आणि 'क' उरतो. जुना लँडलाइन फोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच पोचवायचा. म्हणून तर फोनवर नाव सांगताना "सशातला स" असं सांगावं लागायचं.

खोक्यावर '५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं छापलेलं असतं. तेवढ्यावर विसंबू नका. त्याच्यापुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असं काही लिहिलंय का ते बघा. तसं लिहिलेलं असेल तर त्या पल्ल्यात आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेतच वर-खाली होते, असा अर्थ होतो. ते नसेल तर २० किलोहर्ट्झला आवाज जेमतेम कुजबुजण्याइतका असला तरी छापायला मोकळे! चांगल्या कंपन्या आलेखच देतात. रेषा जितकी सपाट, तितका स्पीकर प्रामाणिक. मध्ये मोठा उंचवटा असेल तर तो भाग सतत टोचतो. भोंग्याचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो तो बहुधा अशाच उंचवट्यामुळे.

आणि बेस? गणपतीत भजनाला, जाखडीला, नमनाला मृदंग-ढोलकीचा घुमारा हवा असतो, म्हणून मंडपवाल्याकडचे बॉक्स खालच्या सुरांवर जोर देणारे असतात. त्या कामाला ते योग्यच. पण तेच बॉक्स शाळेच्या भाषणाला लावले की घुमारा शब्दांवर बसतो. ॲम्प्लिफायरवरचं बेसचं बटण खाली आणा. शब्द लगेच उघडे पडतात. या उपायाला एक पैसा लागत नाही.

चौथं मोजमाप: दिशा

वारंवारता वाढते तशी ध्वनीची लहर आखूड होते. १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब, १,००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर, १०,००० हर्ट्झची फक्त ३.४ सेंटिमीटर. लांब लहरी स्पीकरपासून सगळीकडे पसरतात. आखूड लहरी मोठ्या कोनातून टॉर्चच्या झोतासारख्या सरळ पुढे जातात. म्हणून समोरच्या मुलाला व्यंजनं मिळतात आणि कोपऱ्यातल्याला नुसतं 'आ-ओ-ऊ' ऐकू येतं. आवाज मोठा असूनही कळत नाही, ते यामुळे.

पत्रकात हे अंशांत दिलेलं असतं, उदा. ९० × ६० अंश: आडवा पसारा आणि उभा पसारा. कॉलम स्पीकरची गंमत अशी, की त्यात लहान स्पीकर एकावर एक असल्यानं तो आडवा रुंद आणि उभा अरुंद आवाज फेकतो. म्हणजे आवाज छताला-जमिनीला कमी लागतो आणि बसलेल्या मुलांवर पसरतो. हा फायदा तो उभा टांगला तरच मिळतो. बऱ्याच सभागृहांत तो शोभेसाठी आडवा टांगलेला दिसतो, आणि सगळं उलटं होतं. शिवाय त्याचं तोंड शेवटच्या रांगेच्या कानांकडे थोडं खाली झुकलेलं असावं.

पाचवं मोजमाप: आवाज फाटणं

आत गेलं नाही ते बाहेर पडलं, तर त्याला विरूपण म्हणतात. पत्रकात ते 'टीएचडी' म्हणून टक्क्यांत असतं. ॲम्प्लिफायरची शक्ती १ टक्का विरूपणाला मोजली आहे की १० टक्क्यांना, हे जरूर वाचा. १० टक्क्यांना मोजली की वॅटचा आकडा फुगतो, पण तेवढ्या शक्तीला आवाज फाटलेला असतो. ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे ताणला की लहरींची टोकं छाटली जातात. त्यातून वरच्या वारंवारतेची नको ती शक्ती तयार होते आणि बिचारा ट्वीटर जळतो. म्हणून नेहमीच्या वापरात बटण अर्ध्याच्या आसपास राहील एवढी कुवत असलेला संच घ्यावा.

या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

"आकडे काही म्हणोत, कान सांगेल ते खरं," असं कोणी म्हणेल. याचा अभ्यास झालेला आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. कोणता स्पीकर वाजतोय हे दिसत नसताना बहुतेकांची पसंती जुळली. ज्यांचा आलेख समोरूनही आणि बाजूनेही सपाट, गुळगुळीत होता, तेच स्पीकर लोकांना आवडले. पुढे १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवलं, की स्पीकर डोळ्यांना दिसत असला की त्याच लोकांची मतं बदलतात. २००४ साली ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरच्या मोजमापांवरून लोकांच्या पसंतीचा अंदाज बांधला. अंदाज आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ आला. सहसंबंध १ म्हणजे तंतोतंत मेळ, हे लक्षात घेतलं तर ०.८६ हा फारच चांगला मेळ म्हणायचा.

थोडक्यात, नीट मोजलेले आकडे कानाच्या विरोधात जात नाहीत. फसवतात ते डोळे! दुकानातले दिवे, आकार आणि किंमत आपल्या कानात आधीच काहीतरी सांगून ठेवतात.

आता आतले भाग बघूया

पत्रक नसेल तर निदान स्पीकर उघडून किंवा जाळीतून पाहता येतो. कोकणातल्या हवेचा विचार इथे करायलाच हवा. आपल्याकडे समुद्राचं खारं वारं आणि चार महिने ओल. पुण्यात दहा वर्षं चाललेला स्पीकर रत्नागिरीत तेवढा चालेलच असं नाही.

- कोन: कागदाचा म्हणजे हलका, असं नाही. चांगल्या स्पीकरमध्येही कागदी कोन असतात. पण आपल्या ओलीत साधा कागद मऊ पडतो, बुरशी धरतो. लेप दिलेला कागद किंवा पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक जास्त टिकतं.
- कोनाची लवचिक कड: ही फोम, रबर किंवा कापडाची असते. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन झडते आणि आवाज फडफडतो. बोटानं अलगद दाबून बघा. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची असलेली बरी.
- स्पायडर: कोनाच्या मागे सुरकुत्यांची कापडी चकती असते. ती कॉइलला फटीत मधोमध धरते. ती सैल पडली की कॉइल चुंबकाला घासते आणि खरखर येते. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा, अगदी हळू आत दाबा. घासल्याचं जाणवलं तर तो स्पीकर घेऊ नका.
- चुंबक: मोठा, जड म्हणजे चांगला असं दुकानात सांगतात. फेराइट चुंबक जड असतो, निओडिमियम त्याच ताकदीला कितीतरी हलका. त्यामुळे वजनावरून निवाडा करता येत नाही. ताकदीचा परिणाम सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यात आलेलाच असतो.
- ट्वीटर आणि क्रॉसओव्हर: वरच्या सुरांचा छोटा स्पीकर म्हणजे ट्वीटर. कोणते सूर कोणाकडे जायचे हे वाटून देणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. स्वस्तातल्या खोक्यात क्रॉसओव्हरच्या नावाखाली एकच कपॅसिटर असतो, आणि काहींत तर ट्वीटर म्हणून नुसता शोभेचा गोल! नीट क्रॉसओव्हरमध्ये तारेची वेटोळी, कपॅसिटर, रोधक असे वेगवेगळे भाग दिसतात. जुन्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाबरोबर आपलं मूल्य बदलतात. बिघडलेला आवाज कधी कधी तेवढे बदलून सुधारतो.
- खोकं: भुसा दाबून केलेली एमडीएफची पाटी ओलीनं फुगते, सांधे सुटतात. चांगलं प्लायवुड किंवा जाड प्लॅस्टिक बरं. बोटांनी टकटक करा. डब्यासारखा पोकळ घुमला तर तोच घुमारा बोलण्यातही मिसळणार. खोक्याचं घनफळही मनमानी नसतं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात स्पीकरच्या मोजमापांवरून खोक्याचं माप काढण्याचं गणित बसवलं. जगभर ते 'थील-स्मॉल' आकडे म्हणून ओळखले जातात. चांगला स्पीकर चुकीच्या खोक्यात घातला की तोही बदबदतो.
- जोडण्या आणि सांगाडा: लोखंडी पत्र्याचा सांगाडा गंजतो, तांब्याच्या टोकांवर हिरवं कीट चढतं. बाहेर लावायच्या स्पीकरवर 'आयपी' क्रमांक बघा. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा अंक ४ म्हणजे शिंतोडे सोसतो, ५ म्हणजे पाण्याचा फवाराही.

तारेकडे तर कोणाचं लक्षच नसतं. ॲम्प्लिफायरपासून ५० मीटरवर स्पीकर असेल तर जाऊन-येऊन तार १०० मीटर होते. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ३.४ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असेल तर जवळजवळ ३० टक्के शक्ती तारेतच संपते! लांबवर भोंगे लावायचे तर जाड तार घ्या, किंवा १०० व्होल्ट लाइनचा संच घ्या. ही जोडणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी.

वर्गात आणि शाळेत करता येतील अशा चाचण्या

१. मल्टिमीटर चाचणी. ॲम्प्लिफायर बंद करून तारा सोडवा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या साध्या ८ ओहमच्या स्पीकरवर मल्टिमीटर ६ ते ७ ओहम दाखवतो. काहीच वाचन आलं नाही तर कॉइल तुटली आहे. मुलांना रोध शिकवायला छान उदाहरण.

२. सेल चाचणी. सोडवलेल्या मोठ्या कोनाच्या स्पीकरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. 'टक्' होऊन कोन हलेल. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल तर कोन साधारणपणे बाहेर येतो. शेजारच्या दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट लागल्या तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि आवाज पोकळ होतो.

३. डेसिबल चाचणी. मोबाइलवरचं ध्वनिमापक ॲप अचूक डेसिबल दाखवेलच असं नाही, पण एकाच मोबाइलवर दोन जागांमधला फरक बऱ्यापैकी कळतो. आधी रिकाम्या वर्गातला गोंगाट मोजा, मग स्पीकर लावून पहिली रांग, शेवटची रांग आणि दोन्ही कोपरे मोजा. सगळ्यांत दूरची नोंद गोंगाटापेक्षा १५ नं वर आहे का? सहावी-सातवीची मुलं वर्गाचा नकाशा काढून त्यावर आकडे सुंदर भरतात.

४. शब्द चाचणी. सगळ्यांत महत्त्वाची, आणि हिला काहीच साहित्य लागत नाही. हे वीस शब्द उलटसुलट क्रमानं वाचा:

कार, खार, गार, घार, पूल, फूल, ताट, थाट, साप, शाप, सात, साठ, वेल, वेळ, पाट, पाठ, बार, भार, जाड, झाड.

आधी शांत वर्गात स्पीकरशिवाय, मुलांच्या जवळ उभं राहून लिहून घ्या. मग क्रम बदलून स्पीकरवरून, मुलांना ओठ दिसणार नाहीत असं उभं राहून. दोन्हींतला फरक हा स्पीकरचा आणि खोलीचा गुण, मुलाचा नव्हे. चाचणीला स्वतःचा आवाज किंवा स्वच्छ रेकॉर्डिंग वापरा, मध्यमलहरींवरचा रेडिओ नको. त्यात वरचे सूर आधीच कमी झालेले असतात.

मग चुका कुठे झाल्या ते बघा:

- 'ख' चा 'क', 'घ' चा 'ग', 'स' चा 'श' सगळीकडेच होत असेल तर स्पीकरचा वरचा पल्ला अपुरा, किंवा ट्वीटर बंद.
- फक्त कोपऱ्यातली मुलं चुकत असतील तर दिशा चुकली. स्पीकर वळवा.
- फक्त मागची चुकत असतील तर अंतर किंवा गोंगाट.
- आवाज वाढवल्यावर चुका वाढत असतील तर आवाज फाटतोय.
- एका शब्दावर दुसरा चढतोय असं मुलं म्हणत असतील तर प्रतिध्वनी. खिडक्यांना जाड पडदे, भिंतीवर कापडी तक्ते, पोतं भरलेले फलक लावून बघा, आणि बोलण्याचा वेग कमी करा.

ध्वनिशास्त्रज्ञ याच गोष्टीला यंत्रानं मोजतात. नेदरलँड्समधल्या हाउटखास्ट आणि स्टेनेकेन यांनी १९७० च्या दशकात बसवलेला एक निर्देशांक आहे, 'एसटीआय'. तो ० ते १ असतो, ०.६० च्या वर चांगला, ०.४५ च्या खाली वाईट. आपल्याकडे ते यंत्र नाही, पण वीस शब्द आणि पाटी-पेन्सिल आहे ना!

एक गोष्ट कायद्याची

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. एरवीही परवानगी लागते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. शाळेजवळच्या मंडपाला आपण हे सांगतो, तर मैदानावरच्या आपल्या भोंग्यालाही ते लागू आहे. चांगल्या स्पीकरला मोठ्यानं ओरडावं लागत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

खरेदीला जाताना

कागदावर एवढं लिहून न्या: आरएमएस वॅट किती? सेन्सिटिव्हिटी किती? पल्ला कोणत्या अधिक-उण्यात? पसारा किती अंश? विरूपण किती टक्क्यांना मोजलं? कड फोमची की रबराची? खोकं कशाचं? दुरुस्ती रत्नागिरीत होते की बाहेर पाठवावं लागतं? दुकानदाराला हे विचारलं की पुढचं बोलणं बदलतं. आणि शक्य असेल तर पैसे देण्याआधी शाळेत आणून शब्द चाचणी घ्या. गावातला साउंडवाला दादा बहुधा एक दिवस नमुना द्यायला नाही म्हणत नाही.

घेतल्यानंतर पावसाळ्यात स्पीकर भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. कापडाचं आवरण आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

पालकांना एक विनंती. घरी मोबाइल किंवा टीव्हीवरून अभ्यास करताना मूल एखादा शब्द सारखा चुकवत असेल तर रागावण्याआधी तोच शब्द जवळ बसून, तोंडानं, शांतपणे सांगून बघा. बरोबर आला तर दोष ऐकवण्यात आहे. जवळून सांगूनही वारंवार चुकत असेल तर मात्र कानाची तपासणी करून घ्या. ते जितकं लवकर कळेल तितकं बरं.

वीस शब्दांची यादी मी प्रमाण मराठीतली दिली आहे. संगमेश्वरी, मालवणी, दालदी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या बोलीतल्या अशा जोड्या आपल्याला माहीत असतील तर जरूर कळवा. यादी वाढवूया.